जावयाच्या गाडीला हूक

जावई : हळू, अण्णा, हळू. त्या क्लिपा प्लॅस्टिकच्या आहेत.

सासरे : डॉक्टर, सगळी हयात बसच्या बॉड्या बांधण्यात गेली माझी. तुमचा हा बंपर म्हणजे नुसता पुठ्ठ्याचा खोका आहे.

जावई : म्हणून तर हळू म्हणतोय. आधी कडेने थोडं सैल करा, मग अलगद ओढा.

सासरे : अलगद ओढा! दाढ काढताय का?

जावई : दाढ मी याहून हळू काढतो. आणि आधी भूल देतो.

सासरे : भूल दिल्यासारखीच पडलीय ही गाडी. चालू आहे की बंद, पत्ता लागत नाही. ना आवाज, ना थरथर. गाडी कशी, चालू झाली की गल्लीला कळली पाहिजे.

जावई : बंद आहे. चार्जिंगची वायर काढलीय, आणि किल्ली आईंकडे देऊन ठेवलीय. बॅटरीवर असली की आवाज न करता पुढे सरकते ही, म्हणून.

सासूबाई : किल्ली इथे माझ्याजवळ आहे हो, खिडकीत! आणि मला सगळं दिसतंय. अहो, जावईबापूंच्या गाडीला ओरखडा काढलात तर याद राखा.

सासरे : तू गुडघा शेकत बस. गाडीचं मी बघतो.

सासूबाई : तेच तर भय आहे.

सासरे : हां, निघाला बंपर. बघा, एक क्लिप तुटली असेल तर सांगा.

जावई : दोन तुटल्या.

सासरे : त्या आधीच तुटायला आल्या होत्या. आता हे बघा, चॅसीला कंपनीनेच भोकं ठेवलीत हुकासाठी. वर रबरी बुचं बसवलीत. मला वाटलं होतं, ड्रिल मारावं लागेल.

जावई : नाही नाही, ड्रिल नको! थांबा, आत बोल्ट बसायची जागा साफ आहे का बघतो. माझा आरसा आणलाय.

सासरे : तोंडात घालायचा आरसा?

जावई : जुना आहे, आता क्लिनिकमध्ये वापरत नाही. जरा टॉर्च धरा. अजून थोडा डावीकडे... हं. वरच्या बाजूला किंचित कीड आहे.

सासरे : गंज म्हणतात त्याला.

जावई : गंज. तारेचा ब्रश फिरवला की जाईल. दुखणार नाही.

सासरे : कुणाला?

जावई : सवय हो, तोंडातून जातं. आणि अण्णा, त्या नारिंगी वायरीला अजिबात हात लावू नका.

सासरे : का, चावते?

जावई : मोठ्या बॅटरीची आहे. चावत बसत नाही, एकदम गिळते.

सासरे : बरं झालं सांगितलंत. तुमच्या सासूबाईंना अजून माझी गरज आहे.

सासूबाई : जिने चढायला गुडघे हवेत, नवरा काय कामाचा!

सासरे : ऐकलंत? चला, आता हा आडवा बार उचलायचा. तुम्ही उजवीकडून धरा. पाठीवर जोर नको, हातावर घ्या. हं, उचला. वर... वर... बसला. आधी बोटांनी बोल्टचे आटे लावा, पाना मागाहून. सगळे सैल बसवायचे आणि मग एकेक आवळायचा.

जावई : आम्ही कवळी अशीच बसवतो. आधी सैल, मग थोडं थोडं.

सासरे : शिकलात की काहीतरी कामाचं. आज हूक झाला की रविवारी जाऊ आणि माझं चाकांवरचं घर ओढून आणू. आम्ही राहतो त्या वर्कशॉपच्या मालकाने निरोप धाडलाय. तळमजला, वरच्या आमच्या खोल्या, मागची शेड, सगळं पाडणार आहेत.

जावई : अण्णा, पुन्हा विचारतो. घर कशाला आणायचं? इथे घर आहे की.

सासरे : तो विषय झालेला आहे.

जावई : मागची खोली रिकामी आहे. तळमजल्यावर आहे, आईंना एक पायरी चढायला नको.

सासरे : डॉक्टर, मी तुम्हाला मुलगी दिली. तिच्यासोबत सासू-सासरे मोफत, अशी काही योजना नव्हती. मी तुमच्या अंगणात राहीन, चाकांवरच्या माझ्या घरात. सकाळी हाक मारली तर ओ देईन. तो पाना द्या. तो नव्हे, टक् आवाज करणारा.

जावई : हा घ्या. बरं, तुमच्या घराचं वजन किती भरलं? भंगारवाल्याच्या काट्यावर नेणार होतात ना?

सासरे : नेलं की. अकराशे किलो.

जावई : अकराशे! एवढंसं तर घर! दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने बाहेर यायचं!

सासरे : अँगल बसचे घातलेत. काय करू, हात त्याच मापाला बसलाय. पातळ पत्रा आणला होता. दोन दिवस नुसता बघत बसलो त्याच्याकडे, मनच धजेना. परत केला. आता घर रस्त्यात उलटलं ना, तरी आतल्या कपाला तडा जाणार नाही.

सासूबाई : कप राहिलेत कुठे? ते पण वेल्ड करून ठेवलेत यांनी. पलंग लोखंडाचा, कपाट लोखंडाचं, ओटा लोखंडाचा. भूकंप आला तर मीच तेवढी मोडेन.

जावई : अण्णा, मग एक अडचण आहे.

सासरे : बोला.

जावई : ही गाडी साडेसातशेच ओढते.

सासरे : काय म्हणालात?

जावई : साडेसातशे किलो. पुस्तकात आहे ना, गाडीच्या. हायब्रिडचं असं असतं की... बॅटरीचंच वजन फार. त्यामुळे मागे जास्त लावता येत नाही.

सासरे : अर्धा हूक चढल्यावर सांगताय?

जावई : वजन आत्ता कळलं ना मला.

सासरे : साडेसातशे.

जावई : साडेसातशे.

सासरे : नक्की?

जावई : न... नक्की.

सासरे : कान लाल झालेत तुमचे.

जावई : किती वेळ आडवा पडलोय. रक्त उतरतं कानात.

सासरे : हं. डॉक्टर तुम्ही, तुम्हाला ठाऊक. मग काय करायचं म्हणता?

जावई : मला वाटतं, थोडं हलकं करू. ओटा काढू. शेगडी, पाण्याची टाकी, ते सगळं. जेवायला तर तुम्ही घरातच येणार.

सासरे : येईन एखाद वेळी.

जावई : दोन्ही वेळी. ओटा गेला. मग आईंचं शिलाई मशीन, लोखंडी स्टँडसकट. ते आमच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी ठेवू. उजेडही चांगला आहे.

सासूबाई : मशीन खिडकीपाशी? माझी काही हरकत नाही हो!

सासरे : तुला विचारलं नाही कुणी. पुढे?

जावई : कपाट. म्हणजे मशीन तिथे असलं की कपडेही तिथेच बरे पडतात, नाही का?

सासरे : बरे पडतात. आणि?

जावई : पलंग.

सासरे : पलंगसुद्धा?

जावई : सगळ्यात जड तोच असणार. तोही खोलीतच मावेल. मी मोजली... म्हणजे, बघूनच कळतंय, मावेल.

सासरे : ओटा गेला, कपाट गेलं, पलंग गेला. मग माझ्या घरात उरलं काय?

जावई : तुमचं कामाचं टेबल, शिकंजा, हत्यारं. मस्त वर्कशॉप होईल. दिवसभर ठोका हवं तेवढं.

सासरे : आणि मी झोपायचं कुठे?

जावई : पलंग जिथे असेल तिथे झोपतो माणूस, अण्णा.

सासरे : बरं. मला एक सांगा. हे सगळं सामान टेम्पोने येणार, रिकामं घर तुमची गाडी ओढून आणणार. अंगणात उभं केलं की मी पलंग परत आत चढवला, तर? उभ्या घराला वजनाची काय अडचण?

जावई : नाही, म्हणजे... पुढेमागे कुठे न्यायचं झालं तर? समुद्रावर वगैरे?

सासरे : समुद्रावर काय, कामाचं टेबल घेऊन जायचं?

जावई : चढवू नका, अण्णा.

सासरे : का?

जावई : नका चढवू, एवढंच.

सासरे : डॉक्टर, तोंड उघडा. काय आहे ते सांगा.

जावई : मी शाळेपासून हॉस्टेलवर वाढलो. शर्ट उलटा घातलाय, हे कुणी सांगितलं नाही कधी. लग्न झालं, पण तुमच्या लेकीची ड्यूटी अशी, की ती घरी येते तेव्हा मी क्लिनिकला निघालेला असतो. या घरात माणसांचा आवाजच नाही हो. तुम्ही दोघं आलात की मला घरी यावंसं वाटतं. आणि तुम्ही... तुम्ही इथे चार दिवस राहता, दात घासले की ब्रश परत पिशवीत. ओला ब्रश प्लॅस्टिकच्या पिशवीत, दातांच्या डॉक्टरच्या घरात! पेल्यात आमचे दोन ब्रश असतात. आईंचा पहिल्या मुक्कामापासून तिथे आहे. तुमचा नाही. आता तर तुम्ही अख्खं घरच वेगळं घेऊन येताय.

सासरे : टॉर्च जरा बाजूला घ्या. डोळ्यावर येतोय.

जावई : सॉरी.

सासरे : लग्नानंतर आम्ही माझ्या थोरल्या भावाकडे राहायचो. देवमाणूस. माझ्यावर जीव होता त्याचा. मी पहाटे उठणार, खोकणार, भांडी वाजवणार, काहीतरी ठोकत बसणार. त्याचा डोळा उशिरा लागायचा. भांडण झालं नाही कधी. रोज एकेक शब्द कमी होत गेला, एवढंच. आज रस्त्यात भेटला तर ‘बरं आहे ना’ म्हणतो आणि पुढे जातो.

जावई : म्हणून अंगण?

सासरे : म्हणून अंगण. मला लेकीची काळजी नाही. ती माझ्याच वळणावर गेलीय, भांडेल आणि विसरेल. तू पडलास गरीब. तू काही बोलणार नाहीस, नुसता गप्प होत जाशील. मला मुलगा नाही. तुझ्यावर फार जीव जडलाय माझा. तो घालवायचा नाही मला, एवढंच आहे सगळं.

जावई : मी गप्प होणार नाही, अण्णा. त्रास झाला की सांगेन. तोंडावर सांगेन.

सासरे : काय सांगशील?

जावई : अण्णा, खोकला थांबवा.

सासरे : असं मवाळ नको. ओरड.

जावई : अण्णा! ठोकाठोक बंद!

सासूबाई : काय झालं हो? कुणाला लागलं?

सासरे : काही नाही, तुझ्या जावयाचा आवाज तपासतोय. बरा आहे. आणखी सुटेल. चल रे, शेवटचा बोल्ट आवळ. टक् झालं की थांबायचं.

जावई : ...झालं. वायरिंगचं सॉकेट मी सकाळीच जोडून ठेवलंय. दिवे तेवढे तपासू. आई, किल्ली घेऊन गाडीत बसता का? सावकाश या. चालू करायचं बटण दाबा आणि मग डावा इंडिकेटर लावा.

सासूबाई : आले, आले. बसले. हं, दाबलं बटण. अगं बाई, ही तर चालूच झाली नाही!

सासरे : झालीय. मलाही कळत नाही, तू वाईट वाटून घेऊ नकोस. डावा लाव.

सासूबाई : हा घ्या डावा.

सासरे : अगं, वायपर लावलास.

जावई : दुसरी दांडी, आई. हं, डावा लागला. आता उजवा. लागला. ब्रेक दाबा. लागला! झालं सगळं. आता बंद करा, तेच बटण. बंपर चहानंतर चढवू. मी हात धुऊन येतो आणि चहा टाकतो.

(जावई आत जातो.)

सासूबाई : उठा आता, किती वेळ जमिनीवर बसणार? हात द्या.

सासरे : तुझा गुडघा, माझी कंबर. कोण कुणाला उठवणार? थांब जरा इथेच.

सासूबाई : मग, पलंग खोलीतच ना?

सासरे : सगळं ऐकलंस वाटतं.

सासूबाई : खिडकी कशाला असते? पण काय हो, खरंच एवढी मोठी गाडी आणि आपलं घर ओढवत नाही तिला?

सासरे : ओढते की. दीड टन ओढते. हूक घेतला तेव्हाच दुकानदार म्हणाला, काका, या गाडीला बिनधास्त दीड टन लावा.

सासूबाई : अहो! म्हणजे जावईबापू...

सासरे : खोटं बोलला. सपशेल. दात चांगला असेल तर पेशंटला तसाच परत पाठवणारा माणूस तो. त्याला नीट खोटंसुद्धा बोलता येत नाही, कान पेटले होते नुसते. खोली मोजून ठेवलीय त्याने.

सासूबाई : मग तिथल्या तिथे बोलला का नाहीत? तुम्ही कुणाचं ऐकून घेणाऱ्यातले नाही.

सासरे : गलबलून आलं गं मला. लोकांनी मला घराबाहेर ठेवायला सबबी सांगितल्या. घरात घ्यायला कुणी कधी सबब शोधली नव्हती. ती कशी मोडायची?

सासूबाई : डोळे पुसा. ग्रीस लागलंय हाताला, बाहीने पुसा. आणि त्याला कळू द्यायचं नाही?

सासरे : छे. साडेसातशे म्हणजे साडेसातशे. लेकीलाही सांगू नकोस.

जावई : अण्णा! ऐकू येतंय का? बेसिनपाशी तुमची पिशवी राहिलीय. ब्रश आत तसाच ओला आहे!

सासूबाई : बोला ना काहीतरी.

सासरे : पेल्यात ठेव रे. वाळू दे नीट.