न फुगलेली भाकर

वच्छला : ते स्कूटर बंद कर गा रोशन, अन् जवळ ये. बस इथं, माया शिलाई मशीनपाशी. बुवा कीर्तनात रंगवतात ना, तशी एक कथा सांगते तुले.

रोशन : स्कूटर चालूच राहू दे, आत्या. जिममधे कोच वाट पाहून राहिला.

वच्छला : दंड फुगवाची सुई टोचाले?

रोशन : ...तुले कोणं सांगतलं?

वच्छला : काजलनं. तुया बहिणीच्या पोटात काही राहते का?

रोशन : बॉडीबिल्डिंगचं कॉम्पिटिशन महिन्यावर आलं, आत्या! मी अन् जितेंद्रनं एकाच दिवशी जिम लावला. वजन तेच, अंडे तेवढेच, झोप तेवढीच. त्याचे दंड पाहा, अन् माये पाहा. कोच म्हणते, खानदानी मामला हाये, जीनचा. मेहनतीनं तुये थोडेच वाढतीन.

वच्छला : थोडे? या सदऱ्याची बाही दोनदा उसवून सैल केली मी. ते का हवेनं तंग झाली?

रोशन : जितेंद्रचे तर सदरेच फाटतात!

वच्छला : एकाच पिठाच्या भाकरी थापतो आपण. एक टम्म फुगते, एक नाही फुगत. न फुगलेली भाकर कच्ची राहते का गा? बरं, त्या सुईनं काय होते?

रोशन : पंधरा दिवसात फरक दिसते.

वच्छला : अन् मंग?

रोशन : मंग... लिव्हर तपासत राहा लागते.

वच्छला : पांडुरंगा! आता उभ्यानंच ऐक. आपल्या गावी, सावनेरकडं, सप्ताह बसला होता. सप्ताहात वीणा खाली टेकवाची नाही. या गळ्यातून त्या गळ्यात, अन् पहारा उभ्यानं. त्या सकाळी पहारा तुया ताराचंदकाकाचा. काय दंड होते त्याचे! अन् तुया बाबा, मनोहर. माय तीच, दूध तेच, आखाडा तोच, पण हात तुरीच्या काडीवानी. सारं गाव हासे.

रोशन : माहीत हाये. फोटो पाहिला मी.

वच्छला : फोटोत हे नाही दिसत. नाल्याले पूर आला, पुढचे पहारेकरी पलीकडंच अडकले. दुपार होता होता ताराचंदचे पाय लटपटले. मनोहरनं वीणा घेतली. पूर उतरला दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता. तवापर्यंत उभा होता तो, नाम घेत.

रोशन : बाबा? मले हे कधी कोणंच सांगतलं नाही.

वच्छला : तू रांगत होता, तवाच गेला तो. आज मीच सांगते.

रोशन : पण आत्या, स्टेजवर वीणा नाही धरा लागत. तिथं दंडच पाहतात.

वच्छला : मंग हर. हरून घरी ये. बाही मी पुन्हा उसवीन, अजून कपडा हाये आत.

रोशन : कोचचा फोन वाजून राहिला.

वच्छला : ऐकू येते मले.

(स्कूटर बंद होते.)

रोशन : माया हात काहून धरला, आत्या?

वच्छला : मनगट पाहून राहिले. तुया बाबाचंच हाये. जाशीन तं जा बापा, मी आडवी येत नाही. फक्त बाही वर करशीन, तवा घडीभर मनोहरले आठवजो.