चार बोटांची तेंपेवाली

इंडोनेशियातल्या सोलो शहरात कॉलेजबाहेर झेरॉक्सच्या रांगेत इतिहासाच्या प्राध्यापिका सुलास्त्री, विद्यार्थ्यांच्या 'बू' म्हणजे बाई, उभ्या होत्या. स्कूटरवरचा मास्क अजून तोंडावरच होता. पुढे पहिल्या वर्षाच्या दोन मुली बोलत होत्या.

"प्रकल्पाला मार्गदर्शक म्हणून कुणाला घेतलंस गं?"

"बू सुलास्त्री."

"म्हाताऱ्यांच्या आठवणी गोळा करतात, त्या? छान लिहितात म्हणे."

"छानच लिहितात. त्यांच्या पुस्तकातली सोयाबीनचे तेंपे विकणारी बाई म्हणजे माझी आजी."

"काय सांगतेस. नाव आहे तिचं?"

"नाव बदललंय. पण डाव्या हाताला चारच बोटं असलेली तेंपेवाली आमच्या गावात दुसरी कोण असणार?"

"अगं बाई."

"आजोबांना सैनिकांनी नेलं, तेव्हा चुगली कुणी केली, हे आजीनं पन्नास वर्षं पोटात ठेवलं होतं. फक्त बाईंना सांगितलं. तो माणूस आजीच्या समोरच राहतो, आणि त्याच्या सुनेनं पुस्तक वाचून आजीला ओळखलं, गावभर बोंब केली. आता गावात आजीचे तेंपे कुणी घेत नाही."

"आणि तू त्यांच्याच हाताखाली चाललीस?"

"आजीनंच पाठवलंय. म्हणते, बाई भली आहे, तिला ठाऊक नसेल. जाऊन नीट सांग, रागावू नकोस."

दुकानदारानं मान वर केली.

"या, बू सुलास्त्री. वर्गासाठी तेंपेवालीचंच प्रकरण ना? चाळीस प्रती?"