कुणाला, ते सांगत नाहीत

गुडघ्याच्या एक्स-रेची वाट पाहणाऱ्या शिंपीणबाईंचे कान मागच्या बाकाकडे लागले होते. तिथं मायलेक बसले होते.

"बोनमॅरो म्हणजे हाडातला मगजच ना? तो काढून देणार, आणि कुणाला तेही सांगत नाहीत?"

"नियमच आहे, आई."

"आपला भिंतीवाला शेजारीच निघाला तर? आजारी आहे म्हणे. किती दिवस घराला कुलूप आहे."

"निघू दे."

"हातभर भिंतीसाठी कोर्टात खेचलंय त्यानं आपल्याला."

"भांडायला तरी माणूस हवा ना."

मागून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"मग आज पोटभर जेव. मगज कमी पडला, तर त्यावरूनही बोलेल तो."