अण्णांच्या मोबाईलवरच्या जाहिराती

मोबाईलवर एकदा काही शोधलं की त्याच्या जाहिराती पाठ सोडत नाहीत म्हणून आपण वैतागतो की नाही? आमच्या आईनं त्यांना कामाला लावलं.

आमच्या अण्णांना ऐकू कमी येतं, पण कानाच्या मशीनचं नाव काढलं की भडकायचे. “रेल्वेत नोकरी केलीय मी! होटगीला गाडीनं शिट्टी मारली तर हितं सोलापुरात ऐकू येते मला!” आम्ही पोरांनी नाद सोडला. आईनं नाही.

रोज दुपारी अण्णा पेपर वाचत बसले की आई शेजारी बसून त्यांचाच मोबाईल घ्यायची आणि माइकचं बटण दाबून खणखणीत आवाजात म्हणायची, “कानाचं मशीन.” अण्णांना पत्ताच नाही.

आठवड्याभरात भजन लावा, क्रिकेट लावा, आधी मशीनची जाहिरात. एका संध्याकाळी अण्णा म्हणाले, “हल्ली लई लोक लावतात वाटतं. घ्यावं का?”

“कशाला? चांगलं ऐकू येतंय की तुमाला,” आई ओरडून म्हणाली.

“न्हाय येत! तुला काय कळतंय?”

झालं, मशीन आलं.

काल बघतो तर भर उन्हात आई गच्चीवर, अण्णांचा मोबाईल तोंडाशी धरून कुजबुजतीय, “मोठा कूलर.”

म्हटलं, “अगं, खाली बसून बोल की!”

“खाली कसं बोलू?” आई म्हणाली. “आता ऐकू येतंय त्यास्नी.”