मान वर न करता

नाही, नाही, चहा घ्या आधी, गार होतोय — आणि ते यंत्र राहू दे चालू, मला त्याचं काही नाही. कुणी कसं काम केलं एवढंच विचारायचंय ना? मग सोपं आहे. सगळ्यांनी चांगलं केलं. एवढं एक वाक्य तुमच्या पुस्तकाला पुरलं असतं, पण तुम्ही इतके जिने चढून आलात, म्हणून सांगते. सिनेमाची गोष्ट तर तुम्हाला पाठच असेल — नवरा वर्षभराने प्रवासाहून परत येतो आणि बायको म्हणते, हा माझा नवरा नाही. नणंद म्हणते, आहे. डॉक्टर म्हणतो, आहे. मोलकरीणसुद्धा म्हणते, आहे. एकटी बायको म्हणते, नाही. ती बायको मी. आणि तोतया झालेले ते मास्तर — खरंच मास्तर होते हो, शाळेत भूगोल शिकवायचे, नाटकातून इकडे आले, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. मुंगी चिरडायची नाही त्यांच्या हातून. शॉटमध्ये माझा गळा धरायचे आणि कट म्हटलं की विचारायचे, फार दाबला नाही ना गं पोरी? त्यांच्या नजरेबद्दल लोक अजून लिहितात — जेवणाच्या टेबलावर हा माणूस बायकोकडे बघतच नाही, मिठाच्या भांड्याशी बोलतो, किती थंड खलनायक रंगवलाय. थंड कसला. त्या दिवशी त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. का, तेही सांगते, थांबा जरा.

डॉक्टरचं काम केलेले गृहस्थ — त्यांचं पाठांतर म्हणजे आनंदच. प्रत्येक वाक्याआधी थांबायचे. त्या थांबण्यावर कुणीतरी पानभर लेख लिहिलाय, अंगावर काटा आणणारं मौन म्हणून. मौन कुठलं, पुढचा शब्द सापडत नव्हता बिचाऱ्यांना. नणंदेचं काम केलं ती बाई एरवी विनोदी कामं करायची, आम्ही तिला मावशी म्हणायचो. दुपारभर हसवायची आणि दिवा लागला की असा चेहरा करायची, की मला खरंच वाटायचं, हिचं माझं काहीतरी वाकडं आहे. मी? माझं ठीक होतं. ठीक नव्हतं, म्हणूनच तर सगळं झालं. दिग्दर्शक आवाज चढवणारा नव्हता, हळूच बोलायचा. म्हणाला, तू रडतेस छान, घाबरतेस छान, पण तुझ्या डोळ्यांत दिसतं की तुला अजून वाटतंय तूच बरोबर. तो तेवढा विश्वास मला काढून हवाय. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? विशीतली पोर मी, पहिलंच मोठं काम.

मग तो जिन्याचा प्रसंग केला. दिवसभर तेच — मी जिन्यावरून धावत खाली येते, अडखळते, पडते. कठड्याच्या खिळ्यात निळ्या गाऊनची बाही अडकली आणि खांद्यापासून टरकली. गुडघा सोलला. काम संपलं, आईने मला घरी नेलं — आई कायम सोबत असायची, स्टुडिओमागे खोली घेतली होती आम्ही दोघींनी. दुसऱ्या दिवशी सेटवर गेले आणि सहज म्हटलं, मास्तर, काल लागलं हो फार. ते म्हणाले, काल? काल तर सुट्टी होती. मला वाटलं, थट्टा. मावशीला विचारलं, ती म्हणाली, अगं, तू तापाने फणफणली होतीस म्हणूनच बंद ठेवलं ना काम. दिवेवाला तेच म्हणाला. चहावालासुद्धा तेच. मी हसले. मग हसू गेलं. म्हटलं, माझी बाही बघा — आणि बाही धड होती. अगदी धड. उलटून पालटून बघितली, शिवण नाही, टाका नाही. तेवढ्यात दिग्दर्शक म्हणाला, हिच्या आईला विचारा. आई कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती, कसल्याशा कापडाला पट्टी लावत. मी म्हटलं, आई, काल मी आले होते ना गं इथे? आईने मान वर केली नाही. म्हणाली, नाही गं राणी, दिवसभर झोपून होतीस. मी पट्ट्या ठेवत होते कपाळावर. मी म्हटलं, आणि गुडघा? तर म्हणाली, पलंगावरून पडलीस की, आठवत नाही? एवढं बोलून दाताने दोरा तोडला.

कॅमेरा चालूच होता. पडद्यावरच्या त्या भिंतीएवढ्या चित्रात, पोस्टरवर, सगळीकडे जो चेहरा आहे ना माझा — तो तोच. त्यात मी काहीच केलेलं नाही. लगेच टेबलाचा प्रसंग घेतला, मास्तर मिठाकडे बघत बोलले, ते असं. नाही, नंतर कुणी काही सांगितलं नाही. मी धरूनच चालले की ताप होता. आई म्हणाली म्हटल्यावर झालंच की. आईचं शिवणकाम कसं, तर साहेबलोकांचे कोट यायचे तिच्याकडे रफू करायला, फाटलं होतं कुठे हे मालकालाच सापडायचं नाही — आणि मला तेव्हा हे सुचलं नाही बघा. कसं सुचणार?

कळलं ते पहिल्या खेळाला. आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. पडद्यावर मी जिन्यावरून धावत आले, अडखळले, पडले, बाही टरकली. जो दिवस झालाच नव्हता, तो दिवस सगळं थिएटर बघत होतं. मी आईकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती. डोळे पुसत होती. मी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही, घरी येऊन जेवलो. भांडण? नाही हो, भांडण कशाला. पुढे एक-दोन सिनेमे केले, त्यात मी लाकडासारखी वाटते, ते बरोबरच लिहिलंय लोकांनी. मग दातांच्या डॉक्टरकडे लोकांना वेळा देण्याची नोकरी धरली, तीच शेवटपर्यंत. लग्नही झालं. माणूस चांगला होता. मी विचारायची, गॅस बंद केला का मी, काल आपण बोललो ना असं, मी जेवले ना — आणि तो सांगायचा, हो, केलास, हो, बोललो, हो, जेवलीस. खूप वर्षं सांगितलं त्याने. मग दमला. सोडून गेला. चांगल्या शब्दांतच गेला.

आई? आहे की. इथेच असते माझ्याजवळ. ठणठणीत आहे, नजर तेवढी कमी झालीय. तुमचा फोन तिनेच उचलला होता मागच्या आठवड्यात. तेव्हापासून तिचं काहीतरी चाललंय. परवा मी भाजी निवडत होते, समोर येऊन बसली, म्हणाली, ते माझ्याबद्दल विचारतील का गं? मी म्हटलं, तुझ्याबद्दल काय विचारायचं? तर सांगायला लागली. इतक्या वर्षांनी, आपणहून. दिग्दर्शकाने वाक्यं दिली होती, ती न्हाणीघरात पाण्याचा नळ सोडून म्हणून बघायची, मला ऐकू जाऊ नये म्हणून. पोरगी असताना गावात आलेल्या नाटक कंपनीने तिला हेरलं होतं, तिच्या वडिलांनी दाराला कडी घातली — ही गोष्ट मला माहीत होती, पण तिने ती पुन्हा सांगितली. आणि म्हणाली, राणी म्हणायचं, दोरा दाताने तोडायचा, हे सगळं त्याचं. पण मान वर करायची नाही, ते माझं मला सुचलं. वर बघितलं असतं तर कळलं असतं तुला. एकदाच करायला मिळालं मला, आणि मी चुकले नाही. मग म्हणाली, चांगलं झालं होतं ना गं?

मी भाजी घेऊन आत गेले.

राग? राग नाही येत. काहीच येत नाही, तेच तर सांगतेय. आणि तुम्ही कामाबद्दल विचारायला आलात, म्हणून खरं ते सांगते — चांगलं झालं होतं. मास्तरांपेक्षा, मावशीपेक्षा, माझ्यापेक्षा तर कितीतरी. पण हे मी तिला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तुम्ही यायच्या वेळेला शेजारीणबाईंबरोबर तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडलंय, ते मुद्दामच. तिला म्हटलंय, तुम्ही परवा येणार आहात. परवासाठी तिने कपडे इस्त्री करून ठेवलेत, केसांना रंग लावलाय. छापा तुम्ही काय छापायचं ते, फक्त तिचं —

थांबा. जिन्यावर काठी वाजतेय. एवढ्यात कसं सोडलं डॉक्टरांनी? उठा तुम्ही. ते यंत्र खिशात टाका आधी. चहाचं राहू दे.

ये, आई. लवकर झालं? सावकाश, उंबरा आहे. हे? हे कुणी नाहीत गं, वरच्या मजल्यावर जायचं होतं त्यांना, चुकून आपली घंटा वाजवली. दम लागला होता, म्हणून बसवलं. नाही, आई, ते परवा. सांगितलं ना तुला, परवा.

जा तुम्ही. वर गेल्यावर डाव्या हाताचं दार.