तळघरात सोडलेला दोर

आता तुमी हसताल, पण हे माझ्या हातानं अनुभवलेलं हाय. ताडकळसजवळ आमच्या शिवारात महादेवाचं एक जुनं पडकं देऊळ हाय. यंदा गाभाऱ्यातली फरशी खचली अन् खाली तळघर दिसलं. माझा मेव्हणा दत्ता लय हौशी. भर दुपारी कमरेला दोर बांधून आत उतरला.

"दाजी, दोराला हिसका बसला की मी बरा हाय समजा," म्हणला.

दर दोन-चार मिनिटाला हिसका बसायचा. मी निवांत दोर धरून बसलो होतो. अर्ध्या तासानं मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. वळून बघतो तर दत्ता, मातीनं माखलेला!

"अरे, तू कुठून आलास?"

"आतून एक वाट पलीकडच्या बारवेत निघती. दोर पुरंना, म्हणून मी कवाच सोडला."

"मग हिसके कोण द्यायलंय?"

दत्ताला वाटलं मी गंमत करायलोय. तेवढ्यात दोर माझ्या मुठीत ताणला गेला. त्यानंही बघितलं.

"दाजी, सोडा," तो हळूच म्हणला.

मी सोडला. कुणी गुंडाळून घ्यावा तसा तो सावकाश आत गेला, पार शेवटच्या टोकापर्यंत.