तीस वर्षांचं पॉलिश

...नाही, पण मला एक सांगा, जमीन म्हणजे काय, पाय ठेवायचा आणि चालायचं, त्यात अकरा प्रकार कशाला लागतात? अकरा. मोजलेत मी. लिहिता-वाचता येत नाही मला, पण अकरापर्यंत येतं.

तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं मी या जेपारा गावात साग घासला. कपाटं, पलंग, दाराएवढाल्या आरशांच्या चौकटी, जे येईल ते. पॉलिश पेपरनं घासघासून बोटांचे ठसे गेले माझे, ओळखपत्राच्या ऑफिसात मशीनवर अंगठा ठेवला तर मशीन म्हणतं, इथे कुणी माणूसच नाही. आणि माझाच मुलगा हरियादी, फर्निचर परदेशी पाठवणाऱ्या ऑफिसात पंख्याखाली बसणारा, तो मला शिकवतो, "बाबा, आता गुळगुळीत नाही चालत. आता खरबरीत चालतं." मी गप्प.

झालं काय, की आमच्या घरात जुनी सिमेंटची फरशी. आमच्या मंडळीनं, तुकियेमनं, नारळाचा चोथा फडक्यात बांधून रोज घासून घासून तिचा आरसा केलेला. ती फरशी आता खालून ओल धरायला लागली, उखडायला लागली. सून रेत्नो म्हणाली, लाकडी घालू. मी खूश झालो, म्हटलं, चला, घरात साग येतोय. साग कसला... वर नखाएवढा साग आणि खाली सगळं प्लायवूड. म्हणजे आमच्या गावच्या मुखियासारखं, वरची टोपी तेवढी अस्सल. मी गप्प.

आता तुकियेमचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा उगाच कुरकुरतोय. तिचे गुडघे गेलेत. तीस वर्षं बाजारात बुटक्या पाटावर बसून पेचेल विकलं तिनं, उकडलेल्या भाज्या आणि वर शेंगदाण्याची चटणी, गिऱ्हाइकं उभी आणि ही बसलेली, उभं राहायचं असतं हे ती विसरूनच गेली. आता घरभर बसूनच सरकते. दोन्ही हात टेकले, एक हिसका दिला की सुर्रकन. मासेवाली दारात आली की मी चप्पल शोधेपर्यंत ही स्वयंपाकघरातून दारात पोचून, भाव पाडून, तिच्या सुनेची चौकशी करून मोकळी. कमरेला लुंगीसारखं गुंडाळलेलं सारोंग आणि खाली आरशासारखी फरशी, दुसरं काही लागत नाही तिला. आणि ही पोरं आणतायत खरबरीत. का? तर, "आई घसरू नये म्हणून." अरे, ती घसरली नाही तर पोचणार कशी?

तर म्हणे चाकांची खुर्ची आणू. ती खुर्ची ढकलणार कोण? दोघं दिवसभर ऑफिसात, ढकलणार मी, आणि मी बाहेर गेलो की ही भिंतीकडे तोंड करून बसणार, कुणी वळवेपर्यंत. त्या खुर्चीचं नाव काढलं त्या दिवशी तुकियेम जेवली नाही. भात तसाच ठेवून झाकला.

मी गप्प. आणि मी गप्प बसलो की आमच्या गल्लीतली माणसं आपापल्या सायकलीची हवा बघून येतात.

शनिवारी लाकडी जमिनीच्या दुकानातली पोरगी आली, फेबी नाव, गोड बोलणारी, हातात पेटी. पेटीतून वीतभर फळ्या काढल्या आणि चटईवर ओळीनं मांडल्या. "म्बाह," मला सगळे म्बाहच म्हणतात, आजोबा, "म्बाह, हे बघा, हे तारेच्या ब्रशनं रेघा काढलेलं. हे करवतीच्या खुणा ठेवलेलं. आणि हे जुनं दिसणारं, याला साखळीनं बडवून खड्डे पाडतात."

"मुद्दाम?"

"हो ना म्बाह, फार मागणी आहे."

तुम्हाला सांगतो, एका कपाटाला एकच खड्डा राहिला होता, तर मालकानं मला दिवसभर दारात उभं केलं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत, हाच तो. तोच खड्डा आता मागणीत. रेत्नो फळी उचलते, उजेडात धरते, मोबाईलमध्ये फोटो काढते, "हे हॉटेलसारखं दिसतं, हे दवाखान्यासारखं, हे जरा..." हरियादी म्हणतो, "खड्डेवालं घेऊ." मी म्हटलं, मी चहाचं बघतो.

स्वयंपाकघरात तुकियेमचा तो बाजारातला पाट होता. ती मागच्या दारी भाजी धूत होती. तो पाट मीच केलेला, हरियादी झाला त्या वर्षी, उरलेल्या सागाचा, खाली दोन पाय खुंटीवर बसवलेले. हातोडीनं टकटक केलं, पाय सुटले, फळी पुसली, काखेत घातली आणि बाहेर येऊन अकराच्या ओळीत बारावी ठेवली. बसलो. गप्प.

फेबीचा हात फिरत फिरत तिच्यावर आला आणि थांबला. "हे... आमचं आहे?" पुन्हा हात फिरवला. "काय मऊ आहे. रेत्नोताई, बघा तरी." रेत्नोनं बघितलं, मग गाल टेकवला. डोळे मिटून म्हणते, "हेच. मला हेच हवं. कसलं फिनिश आहे हे?"

मी म्हटलं, "जुनी पद्धत आहे. मशीन नाही, रसायन नाही. पण तीस वर्षं लागतात."

"तीस वेळा घासायचं?" फेबीनं वही काढली.

"वर्षं, पोरी."

तेवढ्यात आतून आवाज, "अहो, माझा पाट कुणी मोडला?" आणि सुर्रकन तुकियेम हजर. बघते तर सून पाटावर गाल ठेवून. तुकियेम शांतपणे म्हणाली, "बाळा, त्यावर मी बसते."

रेत्नोनं गाल हळूहळू उचलला. फेबीनं वही मिटली. हरियादी म्हणाला, "बाबा, वय काय तुमचं?" म्हटलं, चौऱ्याहत्तर.

पण तुकियेमचं लक्ष फळ्यांकडे. "हे काय मांडलंय?" तर कुणी तिला सांगितलंच नव्हतं. हरियादीनं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या बुडाखाली काय घालायचं ते तुम्ही हातानं बघताय?"

आणि एकेका फळीवर बसायला लागली. ब्रशवाली. "ही सारोंग धरते, कुत्र्यासारखी." खड्डेवाली. "मी काय होडीत बसलेय?" चकचकीत. बसली, जरा थांबली, उठताना चर्र झालं. "घाम आला की चिकटते." अशा आठ झाल्या. नववी साधी, नुसतं तेल पाजलेली, कुणी घेत नाही म्हणून फेबीनं कडेला ठेवलेली. तिच्यावर बसली, हलली, पुन्हा हलली. "ही चालेल. आज नाही, पण ही ऐकेल."

फेबी म्हणाली, "पण आजी, तेलवालीला चमक नसते. रोज मऊ कापडानं घासावं लागतं, मग कुठे वर्षांनी या पाटासारखं होतं."

"मऊ कापड मी नेसलंय," तुकियेम म्हणाली.

हरियादीनं पाटाची फळी उचलून तिच्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "तेलवालं लिहा. आणि खुर्चीचं राहू दे."

झालं, जमीन आली, बसली, तुकियेम पुन्हा दारात, मासेवाली पुन्हा हैराण. मला वाटलं, सुटलो. पण तुम्हाला सांगतो, ही एकाच रस्त्यानं जाते, स्वयंपाकघर ते दार. चार महिन्यांत तेवढाच पट्टा चमकायला लागला, हिच्या रुंदीचा, बाकी सगळं मंद. रेत्नो म्हणाली, "फोटोत घरातून ओढा गेल्यासारखा दिसतो." तर तुकियेम म्हणाली, "मी एकटी कुठे कुठे पुरणार? घरात दुसरं बूड नाही का?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पाट मोडलेला माणूस, बोलणार काय?

तेव्हा चाळीस वर्षं हातानं घासलं ते घासलं, आता रोज तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर सारोंग सावरून खिडकीकडची अर्धी खोली माझी. काल मासेवालीनं दारातून बघितलं, म्हणाली, "अगंबाई, म्बाहचेही गुडघे गेले?" तुकियेम म्हणाली, "नाही गं, कामाला ठेवलेत."

तीस वर्षांतले चार महिने झाले. मी गप्प... जरा पाय उचला तुमचा, तिथलं राहिलंय.